नवऱ्याचं कर्ज, बायकोची सही

माझी बहुतेक सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली. होमलोनच्या कागदांचं बाड समोर ठेवलं की नवरा निदान पहिली दोन पानं चाळल्यासारखं करतो, बायको पेन हातात घेऊन एकच विचारते, "कुठं?" तो बोट ठेवतो, ती सही करते, पान उलटतं. किती, कशासाठी, तू नाही भरलंस तर पुढं काय, असलं काही नाही, फक्त कुठं. आणि या काही अडाणी बायका नव्हेत बरं का, शाळेत गणित शिकवणाऱ्या, आयटीत आख्खी टीम सांभाळणाऱ्या, भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी पाच मिनिटं घालणाऱ्या. एखादीला मी म्हणायचे, मॅडम एकदा वाचून घ्या, तर ती नवऱ्याकडं बघून हसायची, जसं काही मी तिला भर बँकेत त्याच्यावर संशय घ्यायला सांगितलंय.

आता रिटायर झाल्यावर ओळखीपाळखीतून फोन येतात. नवरा गेला, किंवा नवरा सोडून गेला, किंवा आम्हीच वेगळं व्हायचं ठरवलंय, आणि त्याचं कर्ज आहे, ते मला भरावं लागेल का? प्रत्येकीच्या आवाजात आधीच ठरलेलं असतं की भरावं लागणारच, मी फक्त आकडा सांगायचा.

उत्तर तसं छोटं आहे. लग्न केलं म्हणून नवऱ्याचं कर्ज अंगाला लागत नाही. गोवा सोडला (त्यावर येते) तर आपल्याकडं नवरा-बायकोची कमाई कायद्यानं वेगवेगळी, तशी कर्जंही वेगवेगळी. त्यानं क्रेडिट कार्ड घासलं, पर्सनल लोन काढलं, रात्री मोबाईलवरच्या ॲपवरून पैसे उचलले, ते त्याचं. बायको त्यात ओढली जाते ती कर्जात सहकर्जदार म्हणून सही केली तर, जामीनदार म्हणून सही केली तर, नाहीतर तो गेल्यावर त्याची इस्टेट तिच्याकडं आली तर. आणि इस्टेटीच्या वाटेनं आली तर जेवढी इस्टेट हातात आली तेवढंच देणं, वर एक रुपया नाही. त्यानं मागं ८ लाखांचं ठेवलं आणि २० लाखांचं कर्ज करून ठेवलं, तर घेणेकऱ्याचा, म्हणजे ज्याचं येणं आहे त्याचा, हात ८ लाखांपर्यंत पोचतो, उरलेले १२ बुडाले असं समजायचं. तिचा पगार, तिची एफडी, माहेरचं सोनं यांना कुणी हात लावू शकत नाही.

हे काही साहेबानं येऊन शिकवलं असंही नाही. याज्ञवल्क्य स्मृती या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथातल्या ऋणादान (कर्जाच्या देण्याघेण्याच्या) प्रकरणात बायकोनं कुठलं कर्ज फेडायचं ते सांगितलंय: तिनं कबूल केलेलं, नवऱ्याबरोबर मिळून काढलेलं, आणि तिनं स्वतः काढलेलं, याखेरीज काही द्यायला ती बांधील नाही. म्हणजे जामीनदार, को-अ‍ॅप्लिकंट आणि बॉरोअर, आमच्या बँकेचा फॉर्मच की. नवऱ्यानंही बायकोचं कर्ज द्यायचं नाही, कुटुंबासाठी काढलं असेल तर गोष्ट वेगळी. पण गवळी, कलाल (दारू विकणारे), नट, परीट, शिकारी यांच्या बायकांनी काढलेलं कर्ज मात्र नवऱ्यानं फेडायचं, कारण त्या घरांचं पोटच बायकांच्या कामावर चालतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं लिहिणारा बाजारात हिंडलेला माणूस असणार, कुठल्या घरात धंदा खरं कोण ओढतं ते त्यानं बघितलं होतं.

पण त्याच प्रकरणात दुसरीही एक ओळ आहे. मेलेल्याचं कर्ज कुणी फेडायचं, तर ज्यानं त्याची इस्टेट घेतली त्यानं, आणि ज्यानं त्याची बायको घेतली त्यानंही. इस्टेट आणि बायको एकाच दमात. बरं हे पोथीतच राहिलं असतं तर सोडून दिलं असतं, पण मुंबई इलाख्यात १८६६ साली त्यावर खास कायदा करावा लागला, त्यात एक कलम असं की बापजाद्यांच्या कर्जापोटी वारसानं हातात आलेल्या मालमत्तेएवढंच द्यायचं, आणि दुसरं असं की विधवेशी लग्न केलं एवढ्याच कारणानं तिच्या आधीच्या नवऱ्याचं कर्ज नव्या नवऱ्यावर बसणार नाही. आता विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, पाट लावायची रीत तर कितीतरी जातींत त्याच्याही आधीपासूनची, म्हणजे तोवर बाई दुसऱ्या घरी निघाली की पहिल्या नवऱ्याचा सावकार वरातीत सामील. पोरांवरचं ओझं त्याहून चिवट निघालं. बापाचं कर्ज फेडणं हा पोराचा धर्म, या एका मुद्द्यावर पुढच्या कर्जांसाठी पोरानातवाला कोर्टात ओढता येणार नाही असं हिंदू वारसा कायद्यात लिहून यायला २००५ साल उजाडलं. बायको त्या धर्मात कधी नव्हतीच, तरी फोन तिलाच येतात.

माझ्या मावसबहिणीचा नवरा अचानक गेला, खासगी कंपनीत होता. दहावं व्हायचं होतं तेव्हापासून तिला फोन सुरू. "मॅडम सरांचं कार्डचं औटस्टँडिंग आहे, तुम्ही वाईफ ना, मग मॉरल रिस्पॉन्सिबिलिटी तुमचीच येते ना." मॉरल! कायद्यात काही सापडत नसलं की वसुलीवाल्यांना नीती आठवते. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत असं रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये स्पष्ट लिहून दिलंय, पण हे सुतकात बसलेल्या बाईला कुठून माहीत असणार, ती प्रत्येक फोन उचलायची आणि प्रत्येकाला "बघते" म्हणायची.

मग तेराव्याच्या दिवशी एकजण घरीच आला. अगदी सभ्य, फोटोला नमस्कार वगैरे केला, चहा घेतला, आणि बॅगेतून एक कागद काढला, "काही नाही मॅडम, आम्ही भेटलो याची फक्त पोच द्या." कागद मी बघितला. वरच्या बाजूला पोच असल्यासारखंच होतं, नाव, पत्ता, तारीख. खाली बारीक टायपात, मी सदर रक्कम मासिक हप्त्यांनी फेडण्यास तयार असून त्यासाठी मुदत मिळावी ही विनंती. तिच्या सहीसाठी पेन्सिलनं फुली मारून ठेवलेली. ही सही झाली असती की आतापर्यंत नवऱ्याचं असलेलं कर्ज आता बाईनं स्वतःहून कबूल केलंय असं म्हणायला त्यांच्या हातात कागद आला असता, आणि मग इस्टेट किती न् काय हा हिशोब कोण करत बसतंय. मी त्याला म्हटलं, मृत्यूच्या दाखल्याची प्रत आम्ही पत्रासोबत पाठवतो, तुमचं जे काय येणं आहे ते लेखी कळवा, इस्टेट बघून उत्तर देऊ. तो उठला तेव्हाही सभ्यच होता.

बहीण मात्र नाराज. "अगं पण त्यांनी घेतले होतेच ना पैसे, त्यांच्या नावाला बट्टा नको." आता याला मी काय बोलणार. हे आपल्या रक्तातच आहे, कुणाचं देणं डोक्यावर ठेवून माणूस गेला असं म्हणवून घ्यायचं नाही, आणि मला त्याबद्दल आदरच आहे. पण अब्रू राखायचीच तर आधी हिशोब करून राखावी. त्यानं मागं काय ठेवलंय, त्यातलं घेणेकऱ्यांचं किती आणि तुझं-पोरांचं किती, हे कागदावर मांड, मग त्याच्या पैशातून त्याचं देणं खुशाल दे. स्वतःचं मंगळसूत्र गहाण ठेवून कार्डवाल्याचं चाळीस टक्क्यांच्या आसपासचं व्याज भरणं याला मी तरी अब्रू म्हणणार नाही.

आणि मांडायला बसलो तर कळतं की सगळंच घेणेकऱ्यांचं नसतं. नोकरीतल्या माणसाच्या पीएफची रक्कम नॉमिनीकडं जाते ती गेलेल्याच्या कर्जातून मोकळी होऊन जाते, कायद्यातच तसं आहे. फक्त ते पैसे त्याच्या जुन्या सॅलरी अकाउंटला येऊ द्यायचे नाहीत, विशेषतः कर्ज त्याच बँकेचं असेल तर, कारण बँक आपल्या हातात आलेल्या पैशातून आधी आपलं येणं वळतं करून घेते आणि मग तुम्ही अर्ज करत बसा. (मी बँकेतली असून सांगतेय.) दुसरी गोष्ट विमा. १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा एक कायदा आहे, त्याखाली नवऱ्यानं स्वतःच्या आयुष्याची पॉलिसी बायको-मुलांच्या नावे काढली तर तो त्यांचा ट्रस्ट होतो, त्याच्या इस्टेटीत ती रक्कम धरलीच जात नाही, घेणेकऱ्याला फसवायलाच काढली असं सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी. यासाठी पॉलिसी घेतानाच तो छोटा फॉर्म भरायचा असतो, नंतर आठवून उपयोग नाही. धंद्यात असलेल्या कितीतरी माणसांना मी हे सांगितलं, त्यातल्या बऱ्याच जणांनी मान हलवली आणि बायकोच्या नावावर गाडी घेतली.

होमलोनचं गणित वेगळं, कारण तिथं घरच तारण असतं आणि बहुतेक वेळा बायकोची सही असतेच. इथं एक गोष्ट मुद्दाम बघायची. घराच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये ज्याचं नाव त्याला बँक कर्जातही घेते, पण कर्जात नाव आहे म्हणून घरात नाव असेलच असं नाही. नवऱ्याच्या एकट्याच्या पगारावर कर्ज बसत नाही म्हणून सुनेचा पगार जोडायचा, आणि फ्लॅट बाप-लेकाच्या नावावर, अशा फायली माझ्या हाताखालून गेल्यात. हप्ता थकला की नव्वद दिवसांत खातं एनपीए, म्हणजे थकीत, मग सरफेसी कायद्याखाली (कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायची मुभा बँकेला देणारा कायदा) साठ दिवसांची नोटीस, ती तिच्याही नावानं निघते. भिंतीत तिची एक वीट नाही आणि देणेकरी मात्र पूर्ण कर्जाची, अर्ध्या नव्हे. सहकर्जदार म्हणजे अर्धा कर्जदार असं पुष्कळांना वाटतं. बँक दोघांपैकी ज्याच्याकडून निघतील त्याच्याकडून सगळे काढू शकते.

पतसंस्थेचा जामीन हा त्याचा गावाकडचा भाऊ. तिथं बायकोला आधी सभासद करून घेतात, शेअरची पावती फाडतात आणि मग ती नवऱ्याला जामीन. थकलं की १०१ चा दाखला निघतो, म्हणजे सहकार कायद्याच्या १०१ कलमाखाली निबंधक कार्यालयातून मिळणारा वसुलीचा दाखला, त्यावर थेट जप्तीपर्यंत जाता येतं, दिवाणी कोर्टाची पायरी चढायची गरज पडत नाही. आणि जामीनदाराला "आधी कर्जदाराकडं जा, मग माझ्याकडं या" असं म्हणायची सोय करार कायद्यानं ठेवलेली नाही.

धंदेवाईक घरांतला प्रकार तर मला सगळ्यात वाईट वाटतो. नवऱ्याचं सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासावरचे गुण) खराब झालं की नवीन फर्म बायकोच्या नावानं काढायची. अमुक एंटरप्रायझेस, प्रोप्रायटर सौ. अमुक. जीएसटी तिच्या नावानं, कॅश क्रेडिट (धंद्यासाठीचं फिरतं कर्ज) तिच्या नावानं, चेकबुकवर पुढच्या दहा चेकवर सह्या करून ठेवलेल्या, मालक मात्र तोच, दुकानात तिला माल कुठं ठेवलाय हेही माहीत नाही. जॉइंट खात्याच्या चेकवर ज्यानं सही केली नाही त्याला चेक बाउन्सच्या केसमध्ये आरोपी करता येत नाही असं सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये सांगितलं, चांगलंच केलं. पण इथं सही तिचीच असते. कायद्यानं इथं नवऱ्याचं कर्ज वगैरे काही नाहीच, ते तिचं कर्ज. तो गेला, पळाला, दुसरीबरोबर राहिला, कर्ज आहे तिथंच, तिच्या नावावर.

शेतकऱ्याच्या घरात याच्या उलटं असतं, नावावर काहीच नसतं. कर्ज सोसायटीचं, बोजा सातबाऱ्यावर, आणि माणसानं जीव दिला की सरकारची १ लाखाची मदत मिळायला नापिकी, कर्ज आणि तगादा हे सगळं कागदावर दाखवावं लागतं, कर्जही बँकेचं, सोसायटीचं नाहीतर परवाना असलेल्या सावकाराचं. आता विदर्भ-मराठवाड्यात बियाणं कुणाकडून उचललेलं असतं? कृषी केंद्रवाल्याकडून उधारीवर, मेहुण्याकडून, नाहीतर परवाना नसलेल्या सावकाराकडून. तो तगादा मदत ठरवणाऱ्या समितीला दिसत नाही, बाईला रोज दिसतो. आणि जमिनीत ती मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीनं वारस असली तरी वारस नोंदीचा फेरफार करायला तलाठ्याकडं तिला घेऊन कोण जाणार, सासरे म्हणतात घाई काय आहे. अवैध सावकारानं जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करता येतो, व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला पाहिजे, चौकशीत ती सावकारीच होती असं निघालं तर जमीन परत मिळते. आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, आपला जुना दामदुपटीचा नियम त्या कायद्यातही आहे. ज्यांना हे माहीत पाहिजे त्यांच्यापर्यंत ते पोचत नाही, हे काही नवीन नाही.

घटस्फोटात गोंधळ होतो तो कोर्टाचा कागद आणि बँकेचा कागद एकच समजल्यानं. एका मैत्रिणीच्या मुलीचं असंच झालं. परस्पर संमतीनं झालं सगळं, भांडण नाही, अटींमध्ये लिहिलं की फ्लॅट त्याचा आणि पुढचे हप्तेही त्याचेच. कोर्टानं शिक्का मारला, दोघं मोकळे झाले असं त्यांना वाटलं. पण बँक त्या कागदावर कुठं होती? त्यानं वर्षभर भरले, मग नोकरी गेली, हप्ते थकले, आणि हिचं सिबिल इकडं घसरत गेलं. हिला ते कळलं स्वतःसाठी छोटा वन आरके घ्यायला गेल्यावर, बँकेतली मुलगी स्क्रीन बघून म्हणाली, मॅडम तुमचं आधीचं होमलोन ओव्हरड्यू आहे. तो करार मोडला म्हणून ती त्याच्यावर कोर्टात जाऊ शकते, पण बँकेला "मी आता त्याची बायको नाही" असं सांगून काही होत नाही, बँकेनं कर्ज बायको म्हणून दिलेलंच नसतं. म्हणून माझं सांगणं असं की अटींवर सह्या व्हायच्या आधी बँकेत जा, त्याला एकट्याच्या नावावर नवीन कर्ज मिळतंय का बघा, मिळालं तर जुनं खातं बंद, हिचं हक्कसोड पत्र रजिस्टर, दोन्ही एकाच आठवड्यात. नाही मिळालं तर फ्लॅट विका, वाईट वाटलं तरी विका.

पोटगीच्या वेळी उलटा खेळ चालतो. नवरा चार कर्जं घेऊन येतो, हातात काही उरतच नाही म्हणतो, त्यातलं एक गाडीचं आणि एक केस लागल्यानंतर काढलेलं. सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असं सगळ्या कोर्टांना घालून दिलं तेव्हापासून हे लपवणं जरा अवघड झालंय. स्वखुशीनं काढलेल्या कर्जाचा हप्ता दाखवून पोटगी कमी करून घेणं तसं सोपं जात नाही, पण प्रयत्न सगळे करतात.

गोव्यात मात्र आपला हिशोब चालत नाही. तिथं १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता एक, दोघांचा अर्धा अर्धा वाटा, आणि संसारासाठी काढलेलं कर्जही त्या सामाईक गाठोड्यातूनच फिटायचं. त्याची दुसरी बाजू अशी की दुसऱ्याच्या सहीशिवाय एकट्याला घर विकता येत नाही. माझी एक गोव्याची सहकारी म्हणायची, तुमच्याकडं बायकोला कर्जात घेतात, आमच्याकडं घरात. मुसलमानांच्यात तर बायको स्वतःच घेणेकरी म्हणून उभी असते, राहिलेला मेहर हे नवऱ्यावरचं तिचं कर्जच, तो गेल्यावर इस्टेट वाटायच्या आधी इतर देण्यांबरोबर तेही चुकतं करायचं असतं. किती जणी मागतात हा भाग सोडा.

आता राहिल्या गट करून कर्ज काढणाऱ्या बायका. मायक्रोफायनान्सचं कर्ज, घराचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल तर, तारण काही नाही, नाव तिचं आणि पैसा बऱ्याचदा त्याच्या रिक्षाला नाहीतर बोअरला गेलेला. हप्त्याच्या दिवशी तो घरी नसतो. या धंद्याबद्दल माझ्या मनात बऱ्याच तक्रारी आहेत, पण एक गोष्ट त्यांनी केली, बहुतेक कंपन्या कर्जाबरोबर बाई आणि नवरा दोघांचाही विमा काढतात, कुणीही गेलं तरी कर्ज मिटतं. साठ लाखांच्या होमलोनला मात्र नवऱ्याचा एकट्याचा विमा, तोही हप्ता वाढतो म्हणून पुष्कळ जण नकोच म्हणतात, आणि निम्मा हप्ता भरणाऱ्या बायकोचा तर विषयच निघत नाही.

आमच्याकडं स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंना मी विचारलं, तुमच्या गटाच्या कर्जाला विमा आहे का. त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं लोनकार्ड काढलं, त्यावर नवऱ्याचं नाव कुठं लिहिलंय ते बोटानं दाखवलं. म्हटलं, त्यांना माहीत आहे का? तर म्हणाल्या, "नाय ताई, कशाला सांगू, म्हणंल ही माझ्या मरायची वाट बघती."